पहारा हवा, पण दारही उघडे हवे

उन्हाळा सुरू झाला की पश्चिम अमेरिकेतील सार्वजनिक तळ्यांच्या फाटकांपाशी एक वाद दरसाल नव्याने पेटतो. मोटारीमागे ट्रेलरवर बोट बांधून शंभर-दीडशे मैलांवरून आलेला मनुष्य फाटकाशी पोहोचतो, तो तेथे पाटी लावलेली असते की, बोट-तपासणीची वेळ संपली आहे. समोर पाणी पसरलेले आहे, सूर्य मावळावयास अजून दोन-तीन तासांचा अवकाश आहे, बोट धुऊन-पुसून कोरडी केलेली आहे. परंतु ती स्वच्छ आहे असे ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो तपासनीस घरी गेलेला आहे. तपासणीवाचून बोट पाण्यात उतरविता येत नाही, आणि तपासणी आता उद्या सकाळीच व्हावयाची. मनुष्य चडफडतो, दोन कठोर शब्द उच्चारतो आणि बोटीसह आल्या वाटेने परत फिरतो. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, युटा, आयडाहो या राज्यांतील बोटवाल्यांची जी गाऱ्हाणी वर्षानुवर्षे ऐकू येत आहेत, त्यांचा सारांश या एका प्रसंगात आला.

सातासमुद्रांपलीकडच्या तळ्याचे फाटक किती वाजता बंद होते, या प्रश्नाला मराठी वृत्तपत्राने पहिल्या पानावर स्थान द्यावे काय, असे कोणी विचारील. बोट बाळगणाऱ्या सुखवस्तू लोकांचा एक दिवस वाया गेला तर त्यात जगाचे काय बिघडले, असेही म्हणता येईल. आमचे उत्तर असे की, या भांडणात दोन्ही पक्ष बऱ्याच अंशी खरे आहेत, आणि म्हणूनच ते विचार करण्याजोगे आहे. एका बाजूस कोट्यवधी लोकांच्या पाण्याचे रक्षण आहे. दुसऱ्या बाजूस सार्वजनिक मालकीच्या पाण्यावर जाण्याचा सामान्य नागरिकाचा हक्क आहे. शासनाने नागरिकावर एखादी सक्ती केली म्हणजे ती सक्ती पाळण्याची सोय करण्याचे ओझे कोणाच्या शिरावर येते, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. तो जितका तिकडचा आहे तितकाच इकडचाही आहे.

प्रथम तपासणीची आवश्यकता का उत्पन्न झाली ते पाहिले पाहिजे. कारण ते न पाहता केवळ वेळापत्रकावर टीका करणे अन्यायाचे होईल. या तपासणीचे लक्ष्य एक क्षुद्र दिसणारा शिंपला आहे. काळा समुद्र व कास्पियन समुद्र यांच्या परिसरातील झेब्रा शिंपला १९८८ साली अमेरिका व कॅनडा यांच्या सरहद्दीवरील सेंट क्लेअर सरोवरात आढळला. मालवाहू जहाजे तोल सांभाळण्यासाठी पोटात जे पाणी भरून घेतात, त्या पाण्याबरोबर तो अटलांटिक ओलांडून आला होता. त्याचा भाऊबंद क्वागा शिंपला हाही त्याच सुमारास त्या महासरोवरांत शिरला. तेथून हजार मैलांहून अधिक दूर, वाळवंटाच्या मध्यभागी, हूव्हर धरणाने अडविलेल्या मीड सरोवरात २००७ च्या जानेवारीत क्वागा शिंपला सापडला. या दोन पाण्यांना जोडणारी कोणतीही नदी नाही. शिंपल्याला पाय नाहीत. तेव्हा तो बहुधा ट्रेलरवर चढलेल्या एखाद्या बोटीच्या तळाशी चिकटून, हमरस्त्याने, तिच्या मालकाच्या नकळत आला, असेच अनुमान निघते.

या प्राण्याची वाढ भयंकर असते. एक मादी वर्षाकाठी लक्षावधी अंडी घालते. त्यांतून निघणारी पिले डोळ्यांना दिसत नाहीत. बोटीच्या तळाशी साचलेल्या ओंजळभर पाण्यात, इंजिन थंड ठेवणाऱ्या नळीत, किंवा मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीत ती प्रवास करू शकतात. मोठे झालेले शिंपले दमट हवेत पाण्याबाहेरही कित्येक दिवस तग धरतात. एकदा एखाद्या जलाशयात त्यांनी ठाण मांडले की ते दगडांवर, धक्क्यांवर, नळांत आणि जाळ्यांत थरावर थर चढवीत जातात. धरणांच्या व पाणीपुरवठ्याच्या नलिका तुंबवितात. पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव खाऊन टाकतात आणि माशांच्या पिलांच्या तोंडचा घास काढून घेतात. मोठ्या जलाशयातून त्यांचा समूळ उच्छेद करण्याचा व्यवहार्य उपाय आजवर हाती लागलेला नाही. नळ घासणे, क्लोरीन सोडणे, यंत्रे पुन्हा पुन्हा उघडून साफ करणे हा खर्च मग कायमचा मागे लागतो आणि तो शेवटी पाण्याच्या बिलातून नागरिकांच्याच खिशावर पडतो.

हे संकट जुने होऊन मावळेल असे मानणाऱ्यांना २०२४ साली मोठा हादरा बसला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील स्टॉकटन बंदरात सोनेरी शिंपला आढळला. चीन व आग्नेय आशिया येथील नद्यांतला हा जीव उत्तर अमेरिका खंडात त्यापूर्वी कधीही नोंदला गेला नव्हता. दक्षिण अमेरिकेत मात्र त्याने काय केले हे ठाऊक होते. १९९१ मध्ये तो अर्जेंटिनात ला प्लाटा नदीच्या मुखाशी दिसला आणि दहा वर्षांत ब्राझील-पॅराग्वे सरहद्दीवरील इताइपूच्या प्रचंड धरणापर्यंत वर चढत गेला. स्टॉकटन ज्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे, तेथून कॅलिफोर्नियातील अडीच कोटींहून अधिक लोकांना पाणी जाते. शिवाय क्वागा शिंपल्याला कवच बांधण्यास पाण्यात जितका चुना लागतो, तितका या सोनेरी शिंपल्याला लागत नाही. म्हणजे पर्वतांमधील जी निवळ सरोवरे आजवर स्वभावतःच काहीशी सुरक्षित होती, त्यांचेही कवच गळून पडले. पाचशे मीटरांपर्यंत खोल आणि स्फटिकासारखे स्वच्छ असे ताहो सरोवर त्यांपैकीच एक होय.

अशा स्थितीत बोट पाण्यात उतरण्यापूर्वी तपासली पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. ताहो येथे २००८ पासून ही तपासणी सक्तीची आहे; त्याच वर्षी कोलोरॅडोनेही कायदा करून राज्यभर ती सुरू केली, आणि तेथे वर्षाकाठी लक्षावधी तपासण्या होतात. तपासनीस बोटीचा तळ व ट्रेलर नजरेखालून घालतो, तळाचे बूच काढून पाणी गळून गेले आहे ना ते पाहतो, आणि तळावरून हात फिरवितो. कारण नुकतेच चिकटलेले पिलू डोळ्याला दिसले नाही तरी हाताला सँडपेपरसारखे खरखरीत लागते. संशय आला तर सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने बोट व इंजिन धुतले जाते. बोट निर्दोष ठरली की ती आणि तिचा ट्रेलर यांना जोडणारे सील लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. हे काम कौशल्याचे, कष्टाचे आणि कंटाळवाणे आहे. भर उन्हात ते निमूटपणे करणाऱ्या तरुण तपासनिसांच्या अंगावर ओरडणारे बोटवाले चुकीच्या माणसावर ओरडत असतात, हे आम्ही प्रथमच सांगून ठेवतो.

आता गाऱ्हाण्याकडे वळू. तपासणी सक्तीची झाली, म्हणजे तपासणीची वेळ हीच तळ्याची वेळ झाली. पूर्वी मासे धरणारा मनुष्य झुंजूमुंजू होण्याच्या आधी बोट पाण्यात सोडी. कारण उन्हाळ्यात मासा गळाला लागतो तो पहाटे किंवा संध्याकाळी. आता फाटक उघडते तेव्हा ऊन वर आलेले असते. कामकरी मनुष्य संध्याकाळी पाच वाजता सुटून तळ्यावर येतो, तो फाटक बंद होण्याची घटका जवळ आलेली असते. वसंतात व शरदात, जेव्हा गर्दी कमी आणि हवा उत्तम असते, तेव्हा कित्येक तळ्यांवर आठवड्यातील थोडेच दिवस तपासनीस हजर असतो. काही ठिकाणी परतीच्या वेळीही सील लावून घ्यावे लागते. त्यामुळे इंजिन बिघडले किंवा वारा सुटला आणि बोट धक्क्याला यावयास उशीर झाला, तर पुढच्या खेपेस त्या मनुष्याला पुन्हा पहिल्यापासून सारे सोपस्कार करावे लागतात. सीलची घटका चुकू नये म्हणून मावळत्या उजेडात, खवळलेल्या पाण्यावरून बोट दामटण्याचा मोह मग कोणाला होणार नाही? पाणी सुरक्षित ठेवण्याच्या नियमाने पाण्यावरील माणूस धोक्यात यावा, हे कोणालाच इष्ट वाटणार नाही.

त्यात मनाला लागणारी गोष्ट अशी की, या व्यवस्थेसाठी बोटवाल्याने पैसे मोजलेले असतात. कोलोरॅडोत २०१९ पासून मोटारबोट किंवा शिडाची बोट बाळगणाऱ्या रहिवाशाला या कामासाठी २५ डॉलरांचा आणि बाहेरच्या माणसाला ५० डॉलरांचा वार्षिक परवाना-शिक्का घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियातही बोटीवर चिकटविण्याची अशीच एक टिकली विकत घ्यावी लागते. ताहोवर तपासणीचे शुल्क निराळे आहे. ज्याने मूल्य दिले, बोट नियमाप्रमाणे स्वच्छ केली, पाणी काढले, ती वाळविली आणि रांगेतही उभा राहिला, त्याला 'वेळ संपली' एवढेच उत्तर मिळाले, तर तो रागावतो यात नवल ते काय?

व्यवस्थापकांची बाजूही ऐकली पाहिजे. ती अशी की, तपासनीस प्रशिक्षित असावा लागतो, तो बहुतेक ठिकाणी हंगामापुरता नेमला जातो, आणि पगार बेताचा असल्याने असे लोक मिळणे व टिकणे कठीण जाते. पहाटेपासून रात्रीपर्यंत दोन पाळ्या लावावयाच्या तर खर्च दुप्पट होतो. अंधारात तपासणी नीट होत नाही, आणि अर्धवट तपासणी ही तपासणी नसण्याहून घातक; कारण ती खोटा विश्वास उत्पन्न करते. पुष्कळ जलाशय मुळात पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले असून, त्यांच्या चालकांचे पहिले कर्तव्य नळाशी आहे, नौकाविहाराशी नाही. सोनेरी शिंपल्याच्या धास्तीने २०२५ च्या वसंतात काही जलाशयांनी बाहेरच्या बोटींना मुळीच मज्जाव केला, तर सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्सम तलावासारख्या ठिकाणी बोटीला सील लावून ती तीस दिवस पाण्याबाहेर ठेवण्याची अट घालण्यात आली. चालक म्हणतात, आम्ही फाटक काही तास तरी उघडे ठेवतो हेच पुष्कळ समजा.

हे म्हणणे निराधार नाही. परंतु ते अपुरे आहे. जलाशयाच्या चालकाला पाण्याच्या रक्षणासाठी बोटी पूर्णपणे बंद कराव्याशा वाटत असतील, तर त्याने तसे कारणांसह उघडपणे जाहीर करावे आणि लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यावे. त्या निर्णयावर वाद होऊ शकेल, पण त्यात लपवाछपवी राहणार नाही. तळे खुले आहे असे कागदावर म्हणावयाचे आणि तपासनिसाच्या वेळा आखडत नेऊन ते व्यवहारात बंद करावयाचे, ही रीत मात्र लोकशाही कारभाराला शोभणारी नाही. हक्क नाकारला आहे असे कोणी कबूल करीत नाही. फक्त तो बजावण्याची खिडकी नोकरदार माणसाला कधीच सापडत नाही. आमच्या मते, सक्ती करणाऱ्यानेच सोय केली पाहिजे. जी गोष्ट शासनाच्या माणसावाचून होऊच शकत नाही, तिच्यासाठी लोकांना सवड असते त्या वेळी शासनाचा माणूस हजर असला पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे. सक्तीच्या अधिकाराबरोबर येणारे ते ऋण होय.

आणि हा केवळ बोटवाल्यांच्या सोयीचा प्रश्न आहे असेही कोणी समजू नये. फाटकाच्या आखूड वेळा शेवटी त्या तळ्याच्याच मुळावर येतात. या पहाऱ्याचे खरे बळ कोठे आहे, याचा विचार करून पाहा. राज्यात शेकडो तळी आणि नद्या आहेत, आणि त्या प्रत्येकीच्या काठावर शिपाई उभा करणे कोणत्याही खजिन्याला परवडणार नाही. बोट कोणत्या पाण्यातून आली हे खरे सांगणारा, घरी गेल्यावर बूच काढून ती वाळत घालणारा, तळाला काही खरखरीत लागले तर आपण होऊन कळविणारा बोटवाला हाच या व्यवस्थेचा पहिला पहारेकरी आहे. त्याला प्रत्येक खेपेस बंद फाटक दाखविले म्हणजे तो दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर जेथे पहारा नाही अशा उतारावरून, अशा पाण्यात बोट सोडतो. किंवा तपासनिसाच्या प्रश्नाला त्याला हवे असलेले उत्तर देऊन मोकळा होतो. 'गेल्या महिन्यात बोट कोठे होती?' या प्रश्नाचे खोटे उत्तर देणे अगदी सोपे असते. ते खरे यावे असे वाटत असेल, तर उत्तर देणाऱ्याच्या मनात नियमाविषयी आदर शिल्लक राहिला पाहिजे.

तथापि या रागाचा फायदा घेऊन तपासणीच काढून टाका असे म्हणणारे जे काही थोडे लोक आहेत, त्यांच्याशी आम्ही मुळीच सहमत नाही. आयडाहोतील स्नेक नदीत ट्विन फॉल्सजवळ २०२३ च्या सप्टेंबरात क्वागाची पिले सापडली, तेव्हा नदीचा तो टापू बंद करून पाण्यात तांबेयुक्त औषध सोडावे लागले. त्यात शिंपल्यांबरोबर मासेही मेले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पिले आढळल्याने तोच प्रयोग पुन्हा करावा लागला. कोलोरॅडोतील हायलाइन तलावात २०२२ साली झेब्रा शिंपला सापडल्यापासून औषध घालण्यापासून पाण्याची पातळी खाली नेण्यापर्यंतचे कष्टाचे उपाय चालले. तपासणीच्या रांगेत गेलेला एक तास आणि नदीला औषध पाजण्याची पाळी, यांची तुलनाच होऊ शकत नाही. युटा व ॲरिझोना यांच्या सीमेवरील पॉवेल सरोवरात तपासणी असूनही २०१३ साली शिंपले शिरलेच, असा दाखला काही लोक देतात. त्या दाखल्यावरून पहारा निरर्थक ठरत नाही. एक बोट चुकली तरी पुरे होते, एवढेच त्यावरून ठरते. आणि म्हणून पहारा अधिक जागा असला पाहिजे, असाच निष्कर्ष त्यातून निघतो. कुंपण एका ठिकाणी मोडले म्हणून सारे कुंपण सरपणाला कोणी काढीत नाही.

मग उपाय काय? आम्हांस असे दिसते की, तासांची संख्या वाढविण्याआधी त्यांची वाटणी बदलण्यास पुष्कळ वाव आहे. आठवड्याच्या मधल्या दिवसांत भर दुपारी तपासनीस रिकामा बसतो आणि शनिवारी पहाटे रांग लागते, हे जेथे घडते तेथे तीच माणसे, तेवढ्याच पगारात, पहाटेच्या व संध्याकाळच्या पाळीला लावता येतील. अंधाराची अडचण उत्तम दिव्यांनी निदान काही अंशी दूर होईल. आणि जेथे ती होणार नाही, तेथे आदल्या संध्याकाळी तपासून, सील लावून, दुसऱ्या दिवशी पहाटे बोट सोडण्याची मुभा देता येईल. एका तळ्याचे सील दुसऱ्याने मानावयाचे की नाही यावर जे रुसवेफुगवे चालतात, ते संपविणे हे तर केवळ मनाच्या मोठेपणाचे काम आहे. शेजारच्या दोन जलाशयांचे चालक एकाच पद्धतीने शिकलेल्या माणसांकडून तपासणी करवून घेत असतील, तर तीच बोट एका दिवसात दोनदा तपासण्यात दोघांचेही मनुष्यबळ फुकट जाते. हमरस्त्यावर सामाईक ठाणी उभारून तळ्यांवरचा भार हलका करणे हाही त्याच दिशेचा उपाय होय. ज्याची बोट एकाच तळ्यावर राहते आणि प्रत्येक वेळी सील लावून परत येते, त्याच्यासाठी वेगळी, झटपट रांग ठेवणे न्यायाचे होईल.

याखेरीज दोन गोष्टी पैशांवाचून होण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, वेळापत्रक हंगामाच्या आरंभी जाहीर व्हावे आणि ते पाळले जावे. मनुष्य थोडी वेळ सहन करतो. अनिश्चित वेळ मात्र सहन करीत नाही. दुसरी अशी की, शुल्काच्या रूपाने जमलेला पैसा कोणत्या तळ्यावर, किती तासांच्या पहाऱ्यासाठी खर्च झाला, याचा हिशेब पैसे देणाऱ्यांपुढे दरसाल मांडला जावा. तो पाहून कदाचित बोटवाल्यांनाच उमगेल की, आपण मागतो तेवढे तास या पैशांत बसत नाहीत; आणि मग अधिक तासांसाठी अधिक शुल्क देण्यास ते तयार होतील. हिशेब न दाखविता वर्गणी वाढविली तर ती दंडासारखी वाटते, आणि दाखविला तर तीच भागीदारी ठरते.

बोटवाल्यांनीही आपल्याकडील कर्तव्य ओळखावे. चिखल माखलेली, तळाशी पाणी खळखळणारी बोट फाटकाशी आणणारा एक मनुष्य आपल्यामागच्या वीस जणांचा वेळ खातो. स्वच्छ करा, पाणी काढा, वाळवा, ही तीन पदांची शिकवण तेथे प्रत्येक धक्क्यावर रंगविलेली असते. ती घरी पाळली गेली, तर फाटकावरची तपासणी आटोपशीर होईल आणि आहेत त्याच तासांत दुप्पट बोटी पाण्यात उतरतील. ज्याला अधिक वेळ उघडे दार हवे, त्याने त्या दारातून वेळ न दवडता जाण्याची तयारी करून आले पाहिजे.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. आमच्याकडे अशी तपासणी अपुरी पडते अशी तक्रार ऐकू येत नाही. कारण बोटीच्या तळाला परका जीव चिकटला आहे काय, हे तळ्याच्या काठी उभे राहून पाहण्याची रीतच आमच्या अंगवळणी पडलेली नाही. परके जीव मात्र केव्हाच येऊन बसले आहेत. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावरचा काळ्या पट्ट्यांचा एक शिंपला १९६७ साली विशाखापट्टण येथे नोंदला गेला आणि पुढे मुंबईच्या बंदरातही त्याने ठाण मांडले. हाच शिंपला १९९९ साली ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील नौकागोद्यांत दिसला, तेव्हा तेथील सरकारने गोद्या बंद करून, पाण्यात रसायन सोडून, काही आठवड्यांत त्याचा नायनाट केला. जो शिंपला तेथे दिसताच आणीबाणी उभी राहिली, तो आमच्या बंदरात पिढ्यान् पिढ्या नांदतो आहे. दक्षिण अमेरिकेतून शोभेची वनस्पती म्हणून आलेल्या जलपर्णीने पवईपासून पंचगंगेपर्यंतच्या पाण्याचे काय केले आहे, हे तर वाचकांना सांगण्याची गरज नाही. दर पावसाळ्यापूर्वी ती काढण्याचे ठेके निघतात आणि दर हिवाळ्यात ती पुन्हा हिरवीगार होऊन बसते. बैल गेल्यावर झोपा करण्याचा हा वार्षिक विधी आता आम्हांला खटकेनासा झाला आहे.

आणि आता आमच्या जलाशयांवरही बोटी येत आहेत. कोयनेच्या शिवसागरात जावळी तालुक्यातील मुनावळे येथे २०२४ साली जलपर्यटनाचे केंद्र सुरू झाले. इतर धरणांवरही अशी केंद्रे व्हावीत अशी मागणी आहे. तीत गैर काहीच नाही. ज्या पाण्यासाठी गावे उठली, त्या पाण्यावर जनतेला विहार करता यावा आणि काठच्या तरुणांना रोजगार मिळावा, हे योग्यच आहे. परंतु एका खाडीतली किंवा एका तळ्यातली बोट दुसऱ्या तळ्यात नेताना ती धुऊन वाळविण्याचा साधा नियम आताच घातला, तर तो स्वस्तात पडेल. तो घालताना अमेरिकेतील या भांडणाचा धडाही ध्यानात ठेवावा. नियम केला, पण तो पाळण्याची खिडकी अकरा ते चार, त्यातही मध्ये जेवणाची सुट्टी, अशी ठेवली, तर नियम कागदावर राहील आणि बोट मागच्या वाटेने पाण्यात जाईल. दाखल्याच्या, परवान्याच्या, नोंदणीच्या खिडक्यांपुढे अर्ध्या दिवसाची रजा टाकून उभा राहिलेला आमचा वाचक हे आमच्याहून चांगले जाणतो.

पाणी हे सर्वांचे आहे, म्हणून त्याला पहारा हवा. आणि ते सर्वांचे आहे, म्हणूनच त्याचे दार सर्वांना सापडेल अशा वेळी उघडे हवे. या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत असे मानून पश्चिम अमेरिकेतील चालक व बोटवाले भांडत बसले, तर त्या भांडणात शिंपल्याचेच फावेल. त्याला वेळापत्रक नाही, सुट्टी नाही, आणि फाटक बंद असले तरी त्याचे काही अडत नाही. तेव्हा कोणत्या तळ्यावर पहाटे माणूस उभा करता येईल आणि त्याच्या पगाराचा वाटा कोण किती उचलील, एवढेच दोघांनी पुढचा हंगाम उघडण्यापूर्वी एकत्र बसून ठरवावे. तेवढे ठरले तर पहाटेच्या उजेडात बोटीच्या तळावरून हात फिरविणारा तपासनीस आणि शेजारी बूच हातात घेऊन उभा असलेला बोटवाला, हे दोघेही एकाच पाण्याचे राखणदार ठरतील.